साथ आणि वदंता

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागातील एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे निदान केले, आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत आठ लाखांवर वस्तीचे ते शहर निम्म्याच्या आसपास रिकामे झाले. या साथीचा इतिहास आपण बहुधा मृतांच्या आकड्यांवरून सांगतो. पण आज मला तिच्याबरोबर घरोघर हिंडलेल्या दुसऱ्या एका साथीविषयी, म्हणजे वदंतेविषयी, आपल्याशी बोलायचे आहे. कारण पहिलीचा जंतू सापडला असला, तरी दुसरीचे बीज आपल्या मनात अद्याप तसेच आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरात मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. शहरात बोलवा उठली की, या विटंबनेचा सूड म्हणून राणीने रयतेची काळजे मागवली आहेत आणि ती काढून घेण्यासाठीच माणसांना इस्पितळात नेतात. कोणी सांगे की, तेथे रुग्णाला उलटे टांगून त्याच्या देहातून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात. कोणी सांगे की, डॉक्टर औषध म्हणून विषच पाजतात. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. ज्या वास्तूत त्यांच्याच भाऊबंदांवर उपचार चालले होते, तीच त्यांना वधशाळा वाटू लागली होती.

आज या गोष्टी ऐकून ‘काय हे अज्ञान!’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या लोकांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहिले, तर एवढ्या उद्गाराने समाधान होत नाही. घरातला माणूस चालता-बोलता इस्पितळात जात होता आणि बहुतेकदा त्याचे प्रेतच परत मिळत होते, हे तर सत्य होते. तो आधीच रोगाच्या अखेरच्या अवस्थेत तेथे पोहोचत होता, हे त्यामागचे कारण मात्र त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यातच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर होऊन अंमलदारांना जवळजवळ अमर्याद अखत्यार मिळाला. साथ पुण्यात पोहोचली, तेव्हा तेथे प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडसाहेबांच्या हुकुमाने गोरे शिपाई घरांत शिरले, माजघरापासून देवघरापर्यंत झडत्या झाल्या, धडधाकट माणसांचीही रवानगी विलग छावण्यांत झाली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण सारे जाणतो. जे सरकार विचारल्यावाचून उंबरा ओलांडते, ते औषधाच्या पेल्यात काय घालीत असेल याची खात्री रयतेने कशाच्या आधारावर धरावी?

शिवाय सरकारच्या पदरी तरी पुरते ज्ञान कोठे होते? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला ग्रासतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखवले, आणि तेही पुढे कित्येक वर्षे मान्य झाले नाही. तोपर्यंत जमिनी खणणे, कौले उतरवणे, मोऱ्यांत कार्बोलिक ओतणे हेच चालू होते. ‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ म्हणतात ते हेच. उलट, घरात उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालावी, हे साध्यासुध्या लोकांनी अनुभवाने ताडले होते आणि ते अगदी बरोबर होते. तेव्हा लोकांच्या तोंडचे ते सारे खोटे आणि सरकारी कागदावरचे ते सारे खरे, असा सरसकट निवाडा करता येत नाही. भेद एवढाच की, उंदीर पडले की नाही हे कोणालाही आपल्या डोळ्यांनी पाहता येत होते; काळजे काढताना मात्र कोणी पाहिले नव्हते, ज्याने त्याने ते दुसऱ्याकडून ऐकले होते.

मग माणूस असे न पाहिलेले का मानतो? १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद या अभ्यासकाने, जेथे धक्का तीव्र जाणवला पण नुकसान झाले नाही, अशा प्रदेशातील वदंता गोळा केल्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून प्रचंड भूकंप होणार, गंगेचे पाणी नाहीसे झाले, अशा त्या होत्या. संकट टळलेल्या माणसांनी स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का रचाव्यात? पुढे १९५७ मध्ये लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याच सामग्रीवरून असे प्रतिपादन केले की, या वदंतांनी भय उत्पन्न झाले नव्हते. भय आधीच होते, आणि त्याला साजेसे कारण भोवताली दिसत नसल्यामुळे मनाने ते निर्माण केले. उलट, दुसऱ्या एका आपत्तीत दार्जिलिंगकडे दरडी कोसळून प्रत्यक्ष विध्वंस झाला, तेथे अभ्यासक दुर्गानंद सिन्हा यांना अशा अतिरंजित वदंता आढळल्या नाहीत. भयाचे कारण तेथे डोळ्यांसमोरच पडलेले होते.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही आपली म्हण याच सिद्धांताचे सार आहे. साथीतले भय तर सर्वांत असहाय, कारण तिचा वैरी डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्याकडे दयेची याचनाही करता येत नाही. अशा आंधळ्या जंतूच्या हातून आपले मूल गेले हे सोसण्यापेक्षा, कोणा दुष्टाने ते हेतुपुरस्सर मारले हे मानणे मनाला सुसह्य वाटते. कारण दुष्टाला चेहरा असतो, आणि ज्याला चेहरा आहे त्याच्यावर निदान दगड तरी उगारता येतो.

तो दगड कोणावर पडतो, हे आपण आपल्याच काळात पाहिले आहे. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसाने करोना होतो अशी कंडी पिकली आणि महाराष्ट्रातील कित्येक कुक्कुटपालकांनी आपली पिले स्वतःच्या हाताने पुरली. त्याच वर्षी १६ एप्रिलला, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. मुले पळवणारे आणि मूत्रपिंडे काढणारे लोक रात्री फिरतात, अशी हूल त्या टापूत कित्येक दिवस उठत होती. १८९६ ची काळजे आणि २०२० ची मूत्रपिंडे यांत अंतर किती, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

यावर उपाय काय? त्याचे उत्तरही त्या जुन्या साथीतच आहे. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांदेखत टोचून घेतले, आणि हजारो खोजे निर्भयपणे पुढे आले. सरकारी इस्पितळाचे नाव ऐकून पळणारे लोक आपापल्या समाजाने उघडलेल्या इस्पितळांत आपण होऊन गेले, कारण तेथे शुश्रूषा करणारा माणूस ओळखीचा होता. पुण्यानजीक सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. अशा माणसाच्या हातच्या पेल्याविषयी कोणालाही संशय येत नाही. वदंतेला हुकूम आवरू शकत नाही, उपहास तर तिला अधिकच बळकट करतो. तिचा प्रतिकार विश्वासच करतो, आणि तो साथ आल्यावर ऐनवेळी उभा करता येत नाही, साथ नसतानाच्या शांत दिवसांत तो संपादन करून ठेवावा लागतो.

म्हणून, श्रोतेहो, माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. पुढच्या संकटात एखादी भयंकर वार्ता आपल्या कानी येईल, तेव्हा ती पुढच्या माणसाला सांगण्यापूर्वी, सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिली की ऐकली, एवढे त्याला विचारा. आणि तो ऐकली म्हणाला, तर त्याला हसू नका, त्याच्याजवळ बसून त्याला कशाचे भय वाटते आहे तेही विचारा. ते भय बोलून मोकळे झाले, तर ती वार्ता आपल्या उंबऱ्यावरच थांबेल.