एकेक प्रत राखून ठेवणारी माणसं



अमेरिकेत पिट्सबर्ग शहराजवळ पॉल मॉव्हिनी नावाच्या गृहस्थांचं रेकॉर्डचं दुकान होतं, 'रेकॉर्ड-रामा'. ते निघालंच मुळी घरात रेकॉर्डी मावेनात म्हणून. आता दुकान म्हटलं की माल यावा आणि जावा. मॉव्हिनींचा नेम मात्र असा, की जी रेकॉर्ड दुकानात येईल तिची एक प्रत विकायची नाही, मागे ठेवायची. चारदोन वर्षं हे चालून जातं. चाळीसेक वर्षांनी साठा वीस लाखांच्या पुढे गेला होता.

वय झालं, नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी सगळा साठा एकरकमी विकायला काढला. २००८ साली इंटरनेटवरच्या लिलावात कुणीतरी तीस लाख डॉलरांच्या वर बोली लावली. अखेर ती बोलीच खोटी निघाली. पुढे २०१३ मध्ये खरा गिऱ्हाईक आला तो ब्राझीलचा. झेरो फ्रेइतास हे त्यांचं नाव, साओ पावलो शहरात बसगाड्यांचा मोठा धंदा. माल न्यायला आठ लांबलचक ट्रेलर लागले.

फ्रेइतास यांचं गोदाम म्हणजे समुद्रच. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं प्रसिद्ध 'कॉलनी' दुकान बंद झालं, त्याचा उरलेला माल इथं आला. क्यूबातून आल्या त्या एक लाखाच्या घरात. नोंदी करायला ठेवलेली विद्यार्थी मंडळी दिवसाला पाचशेच्या आसपास रेकॉर्डी हातावेगळ्या करत, आणि तेवढ्यात दारात नवीन खोकी उतरलेली असत. एवढं सगळं का घेता, असं एका वार्ताहरानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की चाळीस वर्षं मानसोपचार घेतोय, मलाच ते अजून उमगलेलं नाही.

मला स्वतःला या गोदामाचं कौतुक अर्धंच वाटतं. पैसा असला की ढीग लागतो. मॉव्हिनी मला मोठे वाटतात ते वेगळ्या कारणासाठी. त्यांनी आपल्याजवळच्या मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या रेकॉर्डींची गायकवार आणि गाणंवार जाडजूड सूची छापली. कुठलं गाणं कुणी, कुठल्या कंपनीसाठी गायलं, हे त्या सूचीत सापडतं. साठा विकला गेला तरी सूची राहिली.

आपल्याकडे हा नाद व्हिनाइलच्या रेकॉर्डींच्या कितीतरी आधीपासूनचा. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हा इंग्रजांच्या ग्रामोफोन कंपनीचा माणूस कोलकात्यात उतरला आणि नोव्हेंबरात हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्यानं गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना ही कुणाची, ती कुणाची, हे कळणार कसं? म्हणून गाणं संपता संपता गाणाऱ्यानं आपलं नाव पुकारायचं. शेवटी ऐकू येणारा तो ठसका पुष्कळांना कलावंताचा तोरा वाटतो. खरं तर ती कारखान्याची सोय होती. १९०८ साली कोलकात्यालाच, सियालदहला, छपाई सुरू झाली.

त्या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याच छोटा नागपूरकडच्या जंगलातली, झाडांवरच्या किड्यांनी केलेली. जगभरच्या कारखान्यांना इथूनच जायची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. ख्याल गाणाऱ्या बुवांनी एवढ्यात काय मांडायचं? पण मांडलं. आणि १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची एलपी आली: एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वाजणारी, वजनाला हलकी, हातातून पडली तरी सहसा न फुटणारी. ती आपल्याकडे रुळली तसतशा लाखेच्या तबकड्या पोटमाळ्यावर गेल्या, तिथून भंगारात. कारखान्यात तर न खपलेल्या तबकड्या फोडून पुन्हा नव्या मालात घालायची पद्धतच होती. कंपनीनं खपलं ते जपलं. बाकीचं कुणाच्या घरी उरलं असेल तेवढंच.

मुंबईतल्या 'यंग इंडिया' कंपनीचंच घ्या. १९३५ पासून वीसेक वर्षं तिनं तबकड्या काढल्या. मोठी नावं बड्या कंपन्यांकडे बांधलेली, म्हणून हिनं बरेचसे हौशी आणि नवखे कलाकार गाठले, मुलांसाठी शिक्षणाच्या तबकड्याही काढल्या. कंपनी मिटली. पुढे तिचा माल शोधायचा तो संग्राहकांच्याच कपाटांत. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली होती. तिचं काम वर्षानुवर्षं वाहिलं ते डॉ. सुरेश चांदवणकर यांनी. हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं 'यंग इंडिया'च्या तबकड्या, त्यांवरची लेबलं, कंपनीच्या सूच्या, सगळं डिजिटल करून ठेवलं. इथं ना बसगाड्यांचा धंदा, ना मोठमोठी गोदामं. चोरबाजारात उकिडवं बसून एकेक तबकडी उजेडात धरून बघायची आणि ओरखडे मोजायचे.

एक प्रत कुठंतरी उरली, तर काय होतं? १९७७ साली नासाची दोन व्हॉयेजर यानं निघाली. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरचं संगीत सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जाणार होतं. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं सुचवलं, भारताचं म्हणून केसरबाई केरकरांची भैरवी घ्या. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार उत्सुक कधीच नव्हत्या. रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झालेली. प्रकल्पातल्या अ‍ॅन ड्रुयान यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं, तेव्हा लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात ती मिळाली. दुकान रेकॉर्डींचं नव्हतंच! यानं निघाली ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्याच सप्टेंबरात मुंबईत केसरबाई गेल्या.

तेव्हा तुमच्या घरी आजोबांच्या वेळची तबकड्यांची पेटी असेल, तर ती किलोच्या भावानं देऊ नका. तबकड्या एकावर एक रचू नका, वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या लावा. फळी मात्र भक्कम हवी, कारण हजार एलपी कव्हरांसकट दोनशे किलोंच्या पुढे जातात. पावसाळ्यात बुरशी धरली तर व्हिनाइलला जे चालतं ते लाखेला चालेलच असं नाही: लाखेची तबकडी स्पिरिटनं कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अगदी सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं राहील एवढी काळजी पुरते. लेबल महत्त्वाचं, कारण गायकाचं नाव, कंपनी आणि क्रमांक तिथंच असतो. तो क्रमांक आधी वहीत उतरवून घ्या, तबकडी वाजवायची ती त्यानंतर.