पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत

(कालव्याच्या शेवटाकडील एका गावी भरलेल्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेत केलेले भाषण)



पाटाच्या पाण्यावर चार शब्द बोलण्यासाठी आपण आम्हास बोलाविले. येताना आम्ही मुद्दाम चारीच्या कडेकडेने पायी आलो. माथ्याकडे पुरुषभर उंचीचा ऊस उभा, पाट काठोकाठ भरलेला, आणि वाफे फुटून वाटेवर चिखल झालेला. निम्म्या वाटेवर आलो तो चारीत घोटाभर पाणी. पुढे आपल्या शिवारात पाय ठेवला, तर चारीत बाभळीची रोपे उगवलेली आणि शेळ्या चरत असलेल्या! दप्तरात मात्र आपली ही जमीन भिजणारी म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे पाणी कागदावरून वाहते. आणि कागद काही पेरता येत नाही.

तेव्हा आज आम्ही कालव्याची नुसती थोरवी गाण्यास आलो नाही. कालवा ही मोठी उपकारक वस्तू आहे, यात शंका नाही. आमच्या देशात पाऊस चार महिने पडतो, आणि तोही सर्वत्र सारखा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर तो कोसळतो, आणि तेथून पूर्वेकडे गेले की इंदापूर, माण, जत या बाजूला लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. डोंगरातले पाणी अडवून कोरड्या मुलखात नेणे, एवढेच कालव्याचे काम. पण त्यावर लाखो संसार उभे राहतात.

ही विद्या आमच्या देशाला नवी नाही. कावेरीवरील चोळ राजांचा कल्लणै बंधारा दीड हजार वर्षांहून जुना आहे. पुढे इंग्रजी अमलात गोदावरीवर दवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी बंधारा बांधला, तो १८५२ साली पुरा झाला. आणि आमच्या त्र्यंबकाला उगम पावणाऱ्या गंगामाईने समुद्राकाठच्या तेलुगू मुलखात भाताची कोठारे भरली. उत्तरेत हरिद्वारहून निघालेला गंगेचा कालवा १८५४ साली वाहू लागला. आज आमच्या देशात पाटापेक्षा विहिरी व बोअर यांवर अधिक जमीन भिजते हे खरे. पण कालव्याच्या टापूत त्या विहिरींना पाणी येते, ते पुष्कळदा पाटाच्या पाझराचेच असते. पाट आटला की विहीरही तळ दाखविते.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची माणसे व गुरे अन्नावाचून मेली. त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला. १८८५ साली त्यात पाणी आले आणि १८९२ साली त्याच्या पाठीशी भाटघरचे धरण उभे राहिले. वीर येथून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर अशी त्याची वाट. हेतू असा की, पाऊस हुकला तर जिरायत शेतकऱ्याची ज्वारी-बाजरी वाचावी. हेतू चांगलाच होता.

पण झाले काय? पाऊस बरा झाला की जिरायत शेतकरी पाणी घेईना. कारण पट्टी भरायला त्याच्या गाठी पैसा नव्हता. मग कालव्याचा खर्च निघावा कसा? ऊस बारा महिने पाणी पितो आणि पट्टीही भरघोस देतो. म्हणून पाणी उसाकडे वळले. सासवडकडचे आमचे कष्टाळू माळी बंधू नीरेच्या पाटावर आले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस पिकविला, आणि पुढे १९३२ साली स्वतःचा साखर कारखाना काढण्याचीही छाती केली. त्यांच्या उद्योगाला आम्ही नावे ठेवीत नाही. उलट त्याचा आम्हास अभिमान आहे. पण हिशेब हिशेबाच्या ठिकाणी. दुष्काळी माणसाच्या ज्वारीसाठी काढलेले पाणी उसात मुरले, आणि शेवटाकडचा जिरायती शेतकरी होता तेथेच राहिला.

बरे, ज्यांनी पाणी भरमसाट घेतले त्यांचे तरी कल्याण झाले काय? काळ्या जमिनीला पाणी उतू जाईस्तोवर दिले, की ते खाली साचते, वर वर चढते, आणि जमिनीच्या पोटातले क्षार आपल्याबरोबर वर आणते. पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार तेवढे मागे उरतात. मग शेतावर पांढरी खपली धरते, आणि ज्या रानात पुरुषभर ऊस होता तेथे लव्हाळासुद्धा नीट वाढत नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच हे दुखणे नजरेस आले होते. चिबड झालेली जमीन सुधारायची तर खोल चर खणावे लागतात, पाणी कमी करावे लागते, आणि वर्षे घालवावी लागतात. सबब, शेवटाकडचा शेतकरी पाण्यावाचून मेला आणि माथ्याकडची जमीन पाण्याने मेली. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला अजीर्ण करावे, हा कोठला न्याय?

जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात हे दुखणे ओळखले होते. ते स्वतः खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर कंत्राटदार होते. पाटबंधाऱ्याचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. पट्टी घेणारे खाते पाणी शेतात पोहोचले की नाही याची फिकीर करीत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आणि प्रत्येक शेतकऱ्याला पाण्याची तोटी करून द्यावी, म्हणजे कोणाला गरजेहून जास्त पाणी जाणार नाही, असा उपायही सांगितला. पाणी मोजून द्या, हे त्यांचे सांगणे. आज सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तोटी अजून आपल्या शेतावर आली नाही.

मोजणे म्हणजे काय, ते आपण येथेच करून पाहू. यास मोठी विद्या लागत नाही. चारीतून दर सेकंदास एक घनफूट पाणी अखंड चोवीस तास सोडले, तर ८६,४०० घनफूट होते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हे सारे पाणी एका एकरात कोंडले तर जवळजवळ दोन फूट उभे राहील. आता एका पाळीला रानात तीन इंच पाणी पुरे असेल, तर तेवढ्यात आठ एकर भिजतील. तेच सहा इंच दिले तर चारच एकर. उरलेल्या चार एकरांचे मालक कोण? ते आपण, येथे बसलेले! वाटेत थोडे मुरेल, ते वजा धरा. पण हिशेब हाच. ज्या दिवशी हा हिशेब आपल्या पोरांना तोंडपाठ होईल, त्या दिवशी "वरून पाणीच आले नाही" ही थाप कोणी मारू शकणार नाही.

कोणी म्हणेल, शेतकरी मिळून पाणी वाटतील हे स्वप्न आहे. ते आपसात डोकी फोडतील. तर बंधूंनो, धुळ्याकडे पांझरेच्या काठी जाऊन पाहा. तेथे शेकडो वर्षांपूर्वीपासून गावकऱ्यांनी बंधारे राखले आणि फड पद्धती चालविली. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी देण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करायचे. मालकाने स्वतः दार उघडायचे नाही. पाणी कमी असेल त्या साली फडच कमी भिजवायचे. आणि प्रत्येक फडात बहुतेकांचा तुकडा असल्यामुळे टंचाई सर्वांच्या वाट्यास येई. एकट्याचे घर बुडत नसे. हे नियम कोणा मोठ्या साहेबाने घालून दिलेले नव्हते. आपल्यासारख्याच नांगरधाऱ्यांनी ते केले आणि पाळले.

जुनी गोष्ट नको असेल तर नवी ऐका. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरकडचे शेतकरी असेच शेवटाला होते, आणि त्यांच्याही चाऱ्या कोरड्याच असत. १९९० नंतर त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. त्यांतील एकीला जोतीरावांचेच नाव दिले. संस्थेने खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे, पट्टी संस्थेनेच गोळा करून भरायची, आणि वाटणी आपण करायची. नाल्यांना बांध घालून पाणी मुरविले, विहिरी भरल्या. मग वरच्या गावांनीही संस्था काढल्या, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या महासंघाने हाती घेतला. म्हणजे सुरुवात कोणी केली? शेपटाकडच्यांनी! ज्याला तहान त्यानेच विहीर खणली. २००५ साली महाराष्ट्रात कायदाही झाला, की संस्थेस पाणी घनमापाने द्यावे आणि तिच्या संचालकांत माथा, मध्य व शेपूट या तिन्ही भागांचे लोक असावेत. कायदा आपल्या बाजूला आहे. पण कायदा काही फावडे घेऊन चारी साफ करायला येत नाही.

आता एक कडू गोष्ट. आपले पाणी नेतो कोण? पूर्वी आम्ही भटजी, शेटजी व कामगारांकडे बोट दाखवीत होतो, आणि ते खोटेही नव्हते. पण आज रात्री पाटाच्या भरावावर मोटार बसवून नळी टाकणारा कोण आहे? तो आपलाच भाऊबंद, आपलाच सोयरा, आपल्याच सभेत हार घालून घेणारा आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसे ज्याच्या हाती दार त्याचे पाणी! जातभाई म्हणून त्याला पाठीशी घातले, तर अन्याय आपल्या घरात आणून त्याला पाट मांडून बसविल्यासारखे होईल. आम्ही स्वतः तरुणपणी कंदील घेऊन रात्ररात्र चारीवर बसलो आहोत, आणि पहाटे कोरडे पाय घेऊन घरी परतलो आहोत. त्या रात्री दार बंद करणारा परका नव्हता. म्हणून सांगतो, लाज धरू नका, बोला.

कारागीर बंधूंनो, हा प्रश्न फक्त सातबारावाल्यांचा आहे असे समजू नका. बलुत्याचे दिवस गेले, तरी शेवटच्या रानात पीक आले तरच सुताराला, लोहाराला, कुंभाराला काम आहे. नाही तर सारे गाव कोयते घेऊन दुसऱ्याच्या उसाला तोडणीवर जाते. ज्या उसाने आपले पाणी प्यायले, तोच ऊस तोडायला आपण जावे, याहून मोठी थट्टा कोणती? आणि मायबहिणींनो, रात्रीच्या पाळीला दाऱ्यावर आपण उभ्या राहता, मग संस्थेच्या सभेत मागे का बसता? सातबारावर आपली नावे लावून घ्या आणि सभेत बोला.

आमचे सांगणे थोडके आहे. या आठवड्यात सर्वांनी मिळून आपल्या हद्दीतली चारी साफ करा. पुढच्या पाळीला पाणी किती दिवस आले आणि किती खोल आले, हे शाळेतल्या पोरांकडून रोज वहीत लिहून ठेवा. पट्टीची पावती जपा. ती वही आणि त्या पावत्या घेऊन सगळ्यांनी एकदम कचेरीत जा. एकट्याने जाऊ नका. संस्था नोंदवा, आणि पाणी मिळाले की तीन इंचांवर थांबा, म्हणजे आपल्या खालच्या शेतकऱ्याने आपल्याविषयी अशीच सभा भरवू नये.

धरणाची उंची फुटांनी मोजतात. आम्ही कालव्याची योग्यता एकाच मापाने मोजू: चारीच्या अगदी शेवटच्या, गरीबातल्या गरीब कुणब्याच्या वाफ्यात पाणी पोहोचले की नाही. तेथे पोहोचले तर तो कालवा देशाचा. नाही तर तो माथ्यावरच्या चार घरांचा. तो देशाचा व्हावा, हे आपल्या हाती आहे.