रेस्पिरेटरी थेरपिस्टचे प्रशिक्षण : एक निवेदन
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. ताळेबंदात व्हेंटिलेटर मालमत्ता म्हणून दाखविला जातो. तो सांभाळणारा माणूस मात्र खर्चाच्या बाजूस असतो. २०२०-२१च्या कोविड साथीत या हिशेबातील उणीव आम्हांस उमगली. आपल्या औदार्याने यंत्रे आली. ती रात्रभर सांभाळणारे शिक्षित हात अपुरे पडले.

हे काम केवळ कळ दाबण्याचे नव्हे. प्रौढ रुग्णास दर श्वासाला किती हवा द्यावी हे काट्यावरील वजनावरून नव्हे, तर उंचीवरून काढलेल्या वजनावरून ठरते, हे ऐकून आम्हीही चकित झालो. शरीर सुटले म्हणून फुफ्फुसे मोठी होत नाहीत! फुफ्फुसांस गंभीर इजा झालेल्या रुग्णांवरील एक अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिकिलो १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात सुमारे ४० टक्के, तर ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के रुग्ण दगावले. फरक केवळ मात्रेचा.

नवजात कक्षात तर एक किलोच्या बाळाचा श्वास ४ ते ६ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. प्रौढाच्या श्वासनलिकेत घालावयाची नळी सात-आठ मिलिमीटर व्यासाची, तर या बाळाची अवघी अडीच. थोडासा कफही ती बंद करू शकतो. प्राणवायू कमी पडल्यास मेंदूस धोका. अधिक झाल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलास. बालरुग्ण विभागात खाटेगणिक वय बदलते आणि त्यासोबत सारे गणित. म्हणून प्रशिक्षणार्थींना तिन्ही विभागांत, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम देण्याची आमची योजना आहे.

शिकलेली मुले मोठ्या शहरांत वा परदेशी निघून जातात, अशी रास्त शंका एका विश्वस्तांनी घेतली. जातात, हे खरे. बंधपत्र लिहून घेण्याचा विचार आम्हीही केला व सोडून दिला. मनाविरुद्ध थांबलेल्या माणसावर रात्री तीन वाजताचा गजर सोपविण्यास आमचे मन धजेना. त्यापेक्षा वेतन व निवासाची सोय सुधारावी, असे आमचे मत आहे.

यंदा आम्ही यंत्र मागत नाही. प्रशिक्षणार्थींच्या विद्यावेतनासाठी साहाय्य मागतो. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, येथे ती लावता येणार नाही. पावती मात्र अवश्य मिळेल.