पंचाची जागा



शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन या सभागृहातून उद्या प्रशिक्षक बाहेर पडतील, क्रीडाशिक्षक बाहेर पडतील, काही खेळाडू म्हणून नाव काढतील. फुटबॉलचा पंच होण्याचा विचार मात्र फार थोड्यांच्या मनात असेल. म्हणूनच आजचा विषय पंच हा आहे.

एके काळी पंच मैदानाबाहेर उभा असे. दोन्ही संघांचे आपापले अंपायर आत असत आणि त्यांचं एकमत झालं नाही, तरच पंचाकडे दाद मागितली जाई. १८९१ मध्ये नियम बदलला. पंच थेट मैदानात आला, अंपायर रेषेवर गेले. तेव्हापासून नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचणं हा या कामाचा पाया ठरला.

ती जागा किती महत्त्वाची, हे २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जगाने पाहिलं. स्पेनविरुद्ध नेदरलँड्स, पंच हॉवर्ड वेब. इंग्लंडमध्ये पोलीस खात्यात सार्जंट असलेले, पहिल्या दर्जाचे पंच. सामन्याच्या अर्ध्या तासाच्या आतच नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगच्या बुटाचे स्टड स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसले. वेबनी पिवळं कार्ड दाखवलं. ते लाल असायला हवं होतं, हे त्यांनीच नंतर मान्य केलं. त्या क्षणी मध्ये खेळाडू आल्यामुळे त्यांना पूर्ण दिसलं नव्हतं. त्या सामन्यात १४ पिवळी कार्डं निघाली, तरी चर्चा राहिली ती न निघालेल्या एका लाल कार्डाची.

म्हणून पंच पळतो. फिफाच्या यादीतल्या पुरुष पंचांना ४० मीटरच्या सहा धावा प्रत्येकी सहा सेकंदांत पूर्ण कराव्या लागतात. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर चालायचं आणि हे ४० वेळा करायचं. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या १० फेऱ्या. एवढा दम लागलेला असतानाही डोकं शांत ठेवून निर्णय द्यायचा, ही खरी परीक्षा.

सहायक पंचाचं काम तर आणखी बारीक. हातात झेंडा, तोंड मैदानाकडे, आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहण्यासाठी आडवी पावलं टाकत सरकणं. नजर त्या रेषेवर आणि कान पास देणाऱ्याच्या बुटाच्या आवाजाकडे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिलं की, ऑफसाइडच्या कितीतरी चुका सहायक पंच रेषेच्या पुढे-मागे उभा राहिल्याने होतात. नियम पाठ असतो, डोळे चांगले असतात. चुकतो तो कोन.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ सहायक पंच, आल्यावर हे सगळं संपलं, असं वाटू शकेल. पण व्हीएआर गोल, पेनल्टी, लाल कार्ड अशा मोजक्याच बाबी पाहतो. बाकी असंख्य निर्णय पंचाने जागच्या जागीच द्यायचे. जिल्हा पातळीवर तर तोही आधार नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले, की पेठेची इभ्रत पणाला लागते. अशा सामन्यात पेनल्टीची शिट्टी वाजवायला छाती लागते.

हे काम धोक्याचंही आहे, ते लपवून चालणार नाही. ११ डिसेंबर २०२३ ला तुर्कस्तानात अंकारागुजू क्लबचा सामना १-१ बरोबरीत सुटला. क्लबचा अध्यक्ष मैदानात घुसला आणि त्याने पंच हलिल उमुत मेलर यांच्या तोंडावर ठोसा लगावला. खाली पडलेल्या मेलरना लाथाही बसल्या. देशातल्या सगळ्या लीग थांबवाव्या लागल्या. मेलर पुन्हा मैदानात उतरले आणि २०२४ मध्ये जर्मनीतल्या युरो स्पर्धेत पंच म्हणून उभे राहिले.

पंचांनी या खेळाला खूप काही दिलं आहे. १९६६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला पंचाने बाहेर काढलं, पण तो जायला तयार होईना. जर्मन पंचाची भाषा त्याला कळत नव्हती. तो गोंधळ निस्तरणारे केन अ‍ॅस्टन स्वतः माजी पंच होते. मोटार चालवताना सिग्नलचे दिवे पाहून त्यांना पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती वापरात आली.

ही वाट आपल्यासाठी बंद नाही. चेन्नईचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात सहायक पंच होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनमधल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. १ डिसेंबर २०२२ ला कोस्टारिका-जर्मनी सामन्यात फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार मुख्य पंच होत्या आणि दोन्ही सहायकही महिलाच. पुरुषांच्या विश्वचषकात हे पहिल्यांदाच घडलं.

पदवीधरहो, तुमच्यापैकी काहींनी आपल्या जिल्हा संघटनेच्या पंच परीक्षेची चौकशी जरूर करावी. सुरुवात शाळकरी मुलांच्या सामन्यांपासून होईल, मानधन थोडं असेल, शिव्या मात्र पहिल्याच दिवसापासून ऐकाव्या लागतील. आणि जे प्रशिक्षक किंवा क्रीडाशिक्षक होतील, त्यांनी एवढंच करावं: आपला संघ हरला तरी सामना संपल्यावर मुलांना पंचाशी हस्तांदोलन करायला पाठवावं, आणि स्वतः सगळ्यांत पुढे असावं.