ठळक आणि तिरके अक्षर



गेल्या परीक्षेत माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने पाचही प्रश्न सोडविले. सोडवायचे होते ‘कोणतेही तीन’. वेळ संपला, पुढचा विभाग कोरा राहिला. प्रश्नपत्रिका मीच काढली होती आणि ते दोन शब्द साध्याच टाईपात होते.

इंग्रजीत अशा जागी ठळक इटालिक वापरतात : जाड, उजवीकडे झुकलेले अक्षर. १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुटियसने इटालिकात अख्खे पुस्तकच छापले. नमुना हस्ताक्षराचा होता. जोर देण्याचे काम त्याला पुढे मिळाले.

मराठीत ही परंपरा नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा सुबक टाईप उभाच. संगणकावर देवनागरी कलते खरी, पण शिरोरेषा आडवीच राहते आणि काना तेवढा पडल्यासारखा दिसतो. उर्दूचे नस्तालीक तर जात्याच उतरते. तिथे शायराचे तखल्लुस डोक्यावर खूण करून दाखवितात.

म्हणून मी आता मराठीत ‘कोणतेही तीन’ नुसते ठळक करतो, इंग्रजीच्या पेपरात ठळक इटालिक. तेवढेच शब्द. सबंध सूचना ठळक केली, तर मुले ती वाचतच नाहीत. तेही करून पाहिले आहे.