फिक्सीला ब्रेक कशाला? मामांची ॲटलस आणि भीमेच्या अलीकडचा उतार

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या भागाखाली एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता. "तुझ्या सायकलचा फोटो पाहिला. फिक्सी म्हणतोस आणि पुढे ब्रेक लावलायस. मग ती फिक्सी कसली?" एकाने तर लिहिलं की ब्रेकमुळे सगळा लूक गेला. खरं आहे, लूक गेला. तो का घालवला, तेच आज सांगतो. यात माझा मूर्खपणा भरपूर आहे, आणि तोच नीट सांगायचाय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पायडल मारणं थांबवलं की कटकटकट आवाज येतो आणि सायकल आपली पळत राहते. फिक्स्ड गिअरमध्ये हे फ्रीव्हीलच नसतं. मागचा दातेरी चक्का हबला पक्का बसवलेला. चाक फिरतंय म्हणजे पायडल फिरणार, पायडल फिरतंय म्हणजे तुमचे पाय फिरणार. उतार असो, वळण असो, दमलेले असा. लहानपणी तीनचाकी चालवली असेल ना, पायडल थेट पुढच्या चाकाला? तोच प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळेपर्यंत जवळपास सगळ्या सायकली अशाच होत्या.

आता अशी सायकल थांबवायची कशी? पायांनी. पायडल पुढे यायला बघतं, तुम्ही त्याला मागे रेटायचं. व्हिडिओत पोरं मागचं चाक लॉक करून घसरत नेतात, ते हेच. आणि ते बघून, सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला वाटलं की बस, आपल्याला हेच पाहिजे.

आमचं घर शिरूरला. आजोळ दौंडचं. मामा दौंडला रेल्वेत फिटर होते, आता रिटायर झालेत. त्यांची काळी ॲटलस घरामागे पत्र्याखाली उभी होती. बावीस इंची, रॉड ब्रेक, मागे भक्कम कॅरियर. वीस-बावीस वर्षं ते त्याच सायकलवर ड्युटीला गेले. ॲटलस म्हणजे १९५१ पासूनची कंपनी. साहिबाबादचा त्यांचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. मी मामांना म्हटलं, "मामा, ही मला द्या, मी नवी करतो." ते म्हणाले, "ने की. गंजून चाललीय. पण लेका, काढलेला एकपण पार्ट फेकू नकोस."

इथे एक कामाची गोष्ट सांगतो. फिक्सी करायची असेल तर महागडी गिअरची सायकल शोधू नका. तिच्या मागच्या खाचा बहुतेक उभ्या असतात, चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येत नाही. आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या खाचा आडव्या, मागे उघडणाऱ्या. चाक मागे ओढा, चेन ताठ, नट आवळा. म्हणजे जी सायकल आपण भंगारात देतो तीच या कामाला सगळ्यात सोयीची.

पण मला घाई होती. खरा फिक्स्ड हब मागवायचा, तर पुढचा सगळा खर्च आला. मामांच्या मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२, जुन्या सायकलचं गणितच तसं. फिक्स्ड हब मिळतात ते ३२ किंवा ३६ भोकांचे. म्हणजे रिमही नवी. मग मी शॉर्टकट घेतला. जुनं फ्रीव्हील वेल्डिंगवाल्याकडे नेलं आणि सांगितलं, फिरणं बंद करून टाका. त्याने तीन ठिकाणी टाके मारले, शंभर रुपये घेतले. थ्रेडलॉकर लावून ते हबवर घट्ट आवळलं. रॉड ब्रेक, मडगार्ड, कॅरियर, सगळं उतरवून गोणीत भरलं. सायकल दिसायला एकदम सडसडीत झाली. फोटोला लाईकपण मिळाले.

चालवायला शिकणं हा वेगळाच भाग. आपण गावाकडची माणसं सायकलवर बसतो कसे? डावा पाय पायडलवर, दोन धक्के, आणि चालत्या सायकलवर टांग. उतरतानाही तसंच. फिक्सीवर हे जमतच नाही, कारण ज्या पायडलवर उभे आहात तेच खाली-वर व्हायला लागतं. पहिल्याच दिवशी मैदानात दोनदा आपटलो. दुसरी सवय म्हणजे गती आली की पाय आपोआप थांबतात. इथे थांबले की सायकल तुम्हाला सीटवरून उचलते. स्पीडब्रेकर आला की आपण पायडल आडवे धरून उभे राहतो, तेही नाही. वळणावर आतला पायडल खाली जाऊन रस्त्याला लागू शकतो. सगळं लांबून बघून ठरवावं लागतं. महिनाभरात पायांना कळायला लागलं. आणि खोटं कशाला सांगू, मजा यायला लागली.

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालो, पारगाव, केडगाव करत दौंडला मामांना सायकल दाखवायला. उसाचा सीझन. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. भीमा जवळ आली की रस्ता उताराला लागतो. मी असेन साधारण तीस-पस्तीसच्या स्पीडला. पुढे उसाचा ट्रॅक्टर संथ चाललेला आणि त्याच्या मागून, रस्त्याच्या कडेने, एक आजी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेल्या. समोरून एसटी. म्हणजे मला उजवीकडे जागा नाही.

मी पाय मागे रेटले. एक सेकंद सायकल दबली. मग 'टक्' असं काहीतरी झालं आणि पाय एकदम हलके. मी रेटतोय आणि पायडल नुसतं मागे फिरतंय. चाक आपलं पुढे चाललंय. ब्रेक गोणीत, गोणी शिरूरला.

आजींना मी ओरडलो. त्या दचकून कडेला सरकल्या आणि मी त्यांच्या आणि ट्रॉलीच्या मधल्या फटीत न शिरता डावीकडे साइडपट्टीवरून खाली, बांधावर गेलो. डावं मनगट मोडलं, फोर्क वाकला. आजींना धक्का लागला नाही. हे मी मुद्दाम परत सांगतो, लागला नाही, पण त्यात माझं कौशल्य काहीच नव्हतं. त्या सरकल्या म्हणून. भारा टाकून त्याच आधी माझ्याजवळ आल्या आणि पहिलं विचारलं, "लेकरा, बिरेक नाय का रं सायकलीला?"

मला उत्तर देता आलं नाही.

सहा आठवडे प्लास्टर. पण घरात वेगळंच झालं. आईने मामांना फोन केला. "दादा, तू त्याला सायकल दिलीसच कशाला?" मामांनी काही बोलून दाखवलं नाही, पण फोन कमी झाले. त्यांनी फक्त सायकल दिली होती. ब्रेक मी काढले होते, तेही त्यांना न सांगता. आणि दोष त्यांच्या माथी. ते मला मनगटापेक्षा जास्त दुखलं.

प्लास्टर निघाल्यावर मी ते मागचं चाक पिशवीत घालून बसने दौंडला गेलो. मामांनी फ्रीव्हील हाताने फिरवलं, सैल झालेलं बघितलं आणि विचारलं, "बीटेक ना तू? सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे का असतात?"

मी म्हटलं, "चालवताना सुटू नये म्हणून."

"मग हे का सुटलं?"

आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला. फ्रीव्हील सरळ आट्यांवर बसतं. पुढे पायडल मारलं की ते आवळत जातं, म्हणून त्याला वेगळं लॉक लागत नाही. फ्रीव्हील असताना पाय मागे फिरवले तरी ते मोकळं फिरतं, आट्यांवर जोर येतच नाही. मी वेल्डिंग मारून ते मोकळेपण काढून टाकलं. त्यामुळे मी मागे रेटलं की तो सगळा जोर आटे सोडवायला लागणार. म्हणजे थांबायचा जितका जास्त प्रयत्न, तितकं लवकर सुटणार! थ्रेडलॉकर महिनाभर टिकला, हेच नशीब. खऱ्या फिक्स्ड हबला म्हणूनच दोन पायऱ्या असतात. आतल्या पायरीवर सरळ आट्यांचा चक्का, आणि बाहेर थोड्या लहान पायरीवर उलट्या आट्यांची लॉकरिंग. चक्का सुटायला गेला की लॉकरिंग आणखी आवळते. शंभर वर्षांपासून ही गोष्ट माहीत आहे, आणि मी ती शंभर रुपयांत वाचवायला गेलो.

मामा म्हणाले, "वाफेच्या इंजिनालापण फ्रीव्हील नसतं. चाक फिरलं की दांडा फिरणारच. पण म्हणून काय त्याचे ब्रेक काढले होते का कुणी?"

मग आम्ही दोघांनी ती नीट बांधली. पावसाळाभर, सुट्टीच्या दिवशी. नवा हब १२० मिलिमीटरचा, आणि मामांच्या फ्रेमचं मागचं अंतर साधारण ११०. स्टीलची फ्रेम असल्याने ती रुंदावता येते. आटे असलेला लांब रॉड मध्ये घालून, दोन नट बाहेरच्या बाजूला हळूहळू फिरवत. स्टील परत मागे येतं, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं जास्त उघडावं लागतं. अॅल्युमिनियमवर हे चुकूनही करू नका. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्याला साधारण सव्वापाच मीटर. मिनिटाला नव्वद फेरे म्हणजे ताशी अठ्ठावीस किलोमीटर. आमच्या रस्त्यांना पुरे.

आता ब्रेकचा हिशोब, कारण प्रश्न तोच होता. सायकल थांबायला लागली की वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला रस्त्यावर पकड कमी. तुम्ही पाय कितीही मजबूत करा, मागच्या चाकाने थांबण्याला ही मर्यादा आहेच. तीसच्या स्पीडला, कोरड्या रस्त्यावर, पुढचा चांगला ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने थांबवतो असं धरलं तर सात मीटर लागतात. फक्त मागचं चाक त्याच्या निम्मंच थांबवतं असं धरलं तर चौदा. मधल्या सात मीटरमध्ये त्या आजी होत्या.

"मग ट्रॅकवर बिनब्रेकच्या कशा चालवतात?" बरोबर. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात वेलोड्रोम आहे. २०१८ मध्ये आपल्या एसो अल्बेनने ज्युनिअर जागतिक स्पर्धेत केरिनचं रौप्य घेतलं, तेही अशाच सायकलवर. पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात. मध्ये ट्रॉली नाही, चाऱ्याचा भारा नाही. रस्त्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांपासून फिक्स्ड सायकलला पुढचा ब्रेक सक्तीचा आहे.

आईची अट साधी होती. ब्रेक लागल्याशिवाय सायकल दाराबाहेर जाणार नाही. आणि मला ब्रेक मिळत नव्हता, कारण जुन्या फ्रेममध्ये नवी, थोडी लहान रिम म्हणजे ब्रेकचे हात लांब लागतात. भाऊबीजेला मामा आले. आईने ओवाळलं. नेहमीचं पाकीट ताटात ठेवलं आणि मग मामांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला लांब हातांचा ब्रेक काढला. माझ्याकडे न देता आईच्या हातात दिला. म्हणाले, "हा आधी लावू दे, मग जाऊ दे त्याला." आई काही बोलली नाही. मामांना जेवायला थांबवलं आणि पुरण पुन्हा शिजायला ठेवलं.

डिसेंबरमध्ये त्याच रस्त्याने दौंडला गेलो. उतारावर, ट्रॉली दिसायच्या आधीपासून, वेग कमी करत. मामांनी सायकल गल्लीत घेतली, मी सांगेपर्यंत टांग मारायला गेले, मी धरून बसवलं. अर्धी गल्ली गेल्यावर ओरडायला लागले, "अरे, ही थांबंना की!" मी म्हटलं, "मामा, ब्रेक!" त्यांनी दाबला आणि थांबले. मागे वळून म्हणाले, "हां. आता सायकल वाटतीय."

तर जाता जाता तीन गोष्टी. वेल्डिंग मारलेलं फ्रीव्हील नको, लॉकरिंगचा खरा हबच घ्या. पुढचा ब्रेक लावा. आणि चेन साफ करताना चाक फिरत असेल तर बोट जवळ नेऊ नका, पँटची मोहरी आणि बुटाची नाडी बांधून घ्या, कारण ही चेन मध्येच थांबत नाही.

तुमच्याकडे पत्र्याखाली अशी काळी सायकल उभी असेल तर फोटो पाठवा. आणि ज्यांची आहे त्यांना विचारून मगच पाना हातात घ्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.