सिंहलद्वीपाच्या सहलीचा बेत

श्रीलंकेला जायचे ठरले की आम्ही आधी पाऊस पाहतो आणि मग पौर्णिमा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो-गालकडे कोसळतो. त्या दिवसांत पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा बहुधा कोरडा असतो. तेव्हा मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत निघणाऱ्यांनी पूर्वेकडे वळावे. दर पौर्णिमेला तिथे 'पोया', म्हणजे सार्वजनिक सुटी. दारूची दुकाने बंद. आम्हां संघटनावाल्यांना एकेका सुटीसाठी भांडावे लागते, तिथे वर्षाच्या बारा-तेरा सुट्या चंद्रच मिळवून देतो! विहारात जोडे-टोपी उतरवावी, खांदे-गुडघे झाकावे, बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये.

कँडीच्या दंतमंदिराहून पुढे डोंगरात चहाचे मळे लागतात. पाने खुडणाऱ्या बाया बहुतेक तमिळ. त्यांचे पूर्वज इंग्रजी अमदानीत मजुरीला आणलेले. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांचे नागरिकत्व गेले. १९६४ साली शास्त्री-सिरिमाओ करार झाला : ५,२५,००० माणसे भारताने घ्यायची, ३,००,००० लंकेने. त्या माणसांना कोणी विचारलेच नाही. म्हणून नुवारा एलियाला एक दिवस जास्त ठेवावा, आणि खुडणारीचे छायाचित्र तिला विचारूनच घ्यावे.